महाविद्यालयीन फुटबॉल हंगाम (इंदूर)

इंदुरातील एखाद्या लहान महाविद्यालयाच्या फुटबॉल संघाची, जुलैतील प्रवेशांपासून आंतरमहाविद्यालयीन सामन्यांपर्यंतची तयारी व खेळ. क्लबांचा हंगाम महिनोन् महिने चालतो. महाविद्यालयाचा हंगाम जेमतेम बारा ते सोळा आठवड्यांचा असतो. बाद पद्धतीमुळे (हरलेला संघ लगेच स्पर्धेबाहेर) प्रत्यक्ष सामने पुष्कळदा एक ते चारच होतात. पाऊस, माळव्याची काळी माती आणि परीक्षा या तीन गोष्टी त्याची लांबी ठरवतात.

उगम : या भागात फुटबॉल दोन वाटांनी आला असे मानता येते. एक वाट महूच्या छावणीची. 1818 च्या मंदसोर तहानंतर वसलेली ही लष्करी छावणी इंदुरापासून सु. 22 किमी. वर आहे. इंग्लंडमध्ये 1863 साली फुटबॉल संघटनेने नियम बांधल्यावर गोऱ्या पलटणींबरोबर हा खेळ हिंदुस्थानातील छावण्यांत पसरला, आणि 1888 मध्ये सिमल्याला ड्युरँड चषक सुरू झाला तोही लष्करी संघांसाठीच. दुसरी वाट शिक्षणसंस्थांची. 1882 पासून डेली कॉलेज या नावाने ओळखली जाणारी राजकुमारांची शाळा, कॅनडातील प्रेसबिटेरियन मिशनने 1887 मध्ये काढलेले ख्रिश्चन कॉलेज आणि शिवाजीराव होळकरांच्या काळात 1891 मध्ये उघडलेले होळकर कॉलेज या तिन्ही संस्था एकाच दशकाच्या आसपासच्या. यांपैकी एकच वाट खरी धरण्याचे कारण दिसत नाही. खेळ प्रथम छावणीत दिसला असावा; पण छावणीतली पलटण बदलली की तिचा संघही जातो, उलट महाविद्यालयात दरवर्षी नवी मुले त्याच मैदानावर येतात. म्हणून खेळ रुजवण्याचे श्रेय महाविद्यालयांकडे अधिक जाते. महाविद्यालयीन फुटबॉलचा काळ यावरून बहुधा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू होतो. पुढे होळकर संस्थानाच्या क्रिकेट संघाने 1945–46 ते 1952–53 या काळात चार वेळा रणजी करंडक जिंकला. इंदुरात मैदानावर पहिला हक्क क्रिकेटचा मानला जातो, त्यामागे हे यशही आहे.

रचना : शहरातील महाविद्यालये प्रामुख्याने 1964 साली स्थापन झालेल्या आजच्या देवी अहिल्या विद्यापीठाशी संलग्न आहेत. आंतरमहाविद्यालयीन सामन्यांतून विद्यापीठाचा संघ निवडतात. हा निवडलेला संघ भारतीय विद्यापीठ संघ या विद्यापीठांच्या संघटनेच्या पश्चिम विभागीय स्पर्धेत खेळतो आणि विभागातील पहिले चार संघ अखिल भारतीय स्पर्धेस जातात. त्या पातळीवर खेळाडूचे वय 1 जुलै रोजी 17 पूर्ण व 25 च्या आत लागते. लहान महाविद्यालयाच्या दृष्टीने एखाद-दुसरा मुलगा विद्यापीठ संघात जाणे हेच मोठे यश असते, आणि ते तसेच मोजले पाहिजे.

भाग्यपत्रिका, म्हणजे कोण कोणाशी खेळणार याचा तक्ता, काढताना संघसंख्येच्या पुढचा दोनाचा घात धरतात. 11 संघ आले तर 16 मधून 11 वजा करून 5 संघांना पुढे चाल मिळते, म्हणजे ते पहिली फेरी न खेळता दुसरीत जातात. वरच्या अर्ध्यात 6 व खालच्या अर्ध्यात 5 संघ ठेवून पहिली पुढे चाल खालच्या अर्ध्यातील शेवटच्या संघास, दुसरी वरच्या अर्ध्यातील पहिल्यास, तिसरी खालच्यातील पहिल्यास, चौथी वरच्यातील शेवटच्यास, पाचवी पुन्हा खालच्या अर्ध्यात देतात. एकूण सामने संघसंख्येपेक्षा एकाने कमी, म्हणजे 10. अजिंक्यपदाला पुढे चालीसह तीन, तिच्यावाचून चार सामने खेळावे लागतात.

मैदान : हंगामाचे खरे काम इथे असते. काळ्या मातीतील माँटमोरिलोनाइट जातीची चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आक्रसते. उन्हाळ्यात पाऊल अडकेल अशा भेगा पडतात. वरून गवत वाढले की त्या झाकल्या जातात आणि घोटा मुरगळतो. त्यामुळे भेगा पावसाआधी, मेअखेरीस भरतात. भेगेत तीच चाळलेली माती व बारीक मुरूम थराथराने ठासतात. नुसती वाळू ओतणे ही नेहमीची चूक. थोडी वाळू चिकणमातीत मिसळली की मैदान उन्हात विटेसारखे कडक होते. पाणी वाहून जाण्यासाठी मधली रेषा किंचित उंच ठेवून दोन्ही बाजूंना साधारण शंभरास एक असा उतार देतात आणि बाजूच्या रेषेबाहेर फूटभर खोल चर काढतात. गवत हरळीचे, ती तुडवली तरी कांड्यांतून पुन्हा फुटते.

पाऊस थांबल्याबरोबर रूळ फिरवू नये. ओल्या काळ्या मातीवर रूळ फिरला की वरचा थर घट्ट बसतो, पुढचे पाणी मुरत नाही आणि तळी साचतात. शेतकरी पेरणीसाठी वाफसा (मातीतला बेताचा ओलावा) पाहतो, तोच इथे पाहायचा. मूठभर माती दाबून तिचा गोळा कमरेच्या उंचीवरून टाकावा. तो चपटा झाला तर थांबावे, फुटून भुगा झाला तर हलका रूळ चालतो. मोठ्या पावसानंतर हा वाफसा यायला दोन-तीन दिवस लागतात. त्या दिवसांत सराव गोलासमोर न घेता मैदानाच्या कडेला घ्यावा, कारण गोलासमोरची माती एकदा उखडली की हंगामभर सावरत नाही.

आखणीसाठी 3, 4 व 5 मीटरच्या दोरीने काटकोन साधतात. मैदान 90 ते 120 मी. लांब व 45 ते 90 मी. रुंद, गोल 7.32 मी. रुंद व 2.44 मी. उंच, मधले वर्तुळ 9.15 मी. त्रिज्येचे, पेनल्टीचा बिंदू गोलरेषेपासून 11 मीटरवर, आणि रेषा 12 सेंमी. पेक्षा जाड नाही. रेषांना फक्की (खडूची पांढरी पूड) वापरावी. चुना ओल्या मैदानात घसरून पडलेल्याच्या कातडीला व डोळ्यांना भाजतो. मैदानाच्या मधोमध क्रिकेटची सिमेंटची पट्टी असेल तर तिच्यावर मातीचा किमान चार बोटे थर दाबून बसवावा, नुसती चटई अंथरून भागत नाही.

साहित्य : चेंडू पाच नंबरचा, परिघ 68–70 सेंमी., वजन 410–450 ग्रॅ., हवेचा दाब 0.6 ते 1.1 वातावरण. लॅटेक्सचा ब्लॅडर (चेंडूतली हवेची पिशवी) काही दिवसांत हवा सोडतो, ब्युटिलचा कित्येक आठवडे धरतो. कोरडी सुई खुपसल्याने व्हॉल्व्ह फाटतो, म्हणून सुई आधी ओली करावी. बुटांचे स्टड (तळाच्या खुंट्या) चिखलात लांब व विरळ, कडक जमिनीवर आखूड व दाट असावेत. ऑक्टोबरच्या वाळलेल्या मैदानावर पावसाळी स्टड घातले की पाय रुततो, अंग वळते आणि गुडघ्याचा अस्थिबंध तुटू शकतो. तळाला तेलाचा हात फिरवला तर माती कमी चिकटते. मध्यंतरात काडीने ती खरवडून काढावी.

संघ व सराव : 18 जणांची यादी सोयीची : 2 गोलरक्षक, 6 बचावपटू, 6 मध्यरक्षक, 4 आघाडीपटू. दुसरा गोलरक्षक न घेणे ही लहान संघांची जुनी चूक आहे. नियमाप्रमाणे सातपेक्षा कमी खेळाडूंनी सामना सुरू होत नाही. सरावाच्या आधी 20 मिनिटांचा फिफा 11+ हा व्यायामक्रम आठवड्यातून किमान दोनदा नेमाने घेतल्यास दुखापती लक्षणीयरीत्या घटतात. बाद पद्धतीत बरोबरी झाली की निर्णय पेनल्टींवर जातो, म्हणून रोज सरावाच्या शेवटी, थकलेल्या पायांनीच, प्रत्येकाने पाच पेनल्टी माराव्यात.

गणेशोत्सवात, विशेषतः अनंत चतुर्दशीच्या झाँक्यांच्या (देखाव्यांच्या मिरवणुकीच्या) रात्री जागून आलेल्या मुलांना दुसऱ्या दिवशी जोराचे धावणे देऊ नये. दिवाळीच्या सुमारास सूर्य पावणेसहालाच मावळतो. तेव्हा सराव अर्ध्या तासाने अलीकडे ओढावा लागतो आणि शेवटच्या तासिकेशी त्याची टक्कर होते. यावर प्राचार्यांची लेखी परवानगी ऑगस्टमध्येच घेऊन ठेवणे हाच उपाय.

कागदपत्रे : संघ मैदानावर हरण्याआधी टेबलावर बाद होऊ शकतो. जन्मतारखेसाठी दहावीची व पात्रतेसाठी बारावीची गुणपत्रिका, चालू वर्षाची शुल्कपावती, ओळखपत्र आणि प्राचार्यांच्या सहीशिक्क्याचा पात्रता अर्ज, ही सर्व मूळ प्रतींसह व्यवस्थापकाजवळ एकाच फाइलीत असावीत. नावांतील फरक, म्हणजे एका कागदावर वडिलांचे नाव मधे व दुसऱ्यावर नसणे, ही इंदुरातील मराठी मुलांची नेहमीची अडचण. ती अर्ज भरतानाच दुरुस्त करावी.

हंगाम संपल्यावर जाळ्या पूर्ण वाळवून टांगतात, चेंडूंतील हवा निम्मी करून ते सावलीत ठेवतात आणि गोलाचे खांब उपटलेल्या खड्ड्यांत माती ठासून मैदान क्रिकेटकडे सोपवतात.