वैद्यकीय नोंदींचे संगणकीकरण (नागपूर)

रुग्णाचा केसपेपर, तपासण्यांचे अहवाल व औषधयोजना कागदाऐवजी संगणकात ठेवणे आणि जुन्या फायली त्यात उतरवणे. नागपुरात धंतोली-रामदासपेठेतील खासगी दवाखान्यांपासून ‘मेडिकल’ व ‘मेयो’ ही सरकारी रुग्णालये आणि मिहानमधील एम्सपर्यंत सर्वत्र हा विषय येतो.

या पद्धतीचा आरंभ कोठून मानावा याविषयी मतभेद आहेत. अमेरिकेत साधारणतः १९६० च्या दशकात प्रयोग सुरू झाले. काही अभ्यासक १९७२ च्या सुमारास अमेरिकेतील रीगनस्ट्रीफ या संशोधन संस्थेत उभ्या राहिलेल्या प्रणालीला अग्रमान देतात, तर काही अमेरिकन डॉक्टर लॉरेन्स वीड यांनी १९६८ मध्ये मांडलेल्या समस्याधिष्ठित नोंदपद्धतीला. वीड यांची मांडणी कागदावरही वापरता येत असे, हा तिच्यावरील आक्षेप. तथापि नोंदी रुग्णाच्या एकेका समस्येखाली लावाव्यात हा विचार यंत्रापेक्षा मूलगामी वाटतो. कारण फाईल नुसती स्कॅन केल्याने चित्र मिळते, शोधता येणारी माहिती मिळत नाही.

हा भेद विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या रुग्णांबाबत विशेष जाणवतो. आजार जन्मभराचा, त्यावरील हायड्रॉक्सीयुरिया हे औषध चालू असता रक्तपेशींची मोजणी पुनःपुन्हा करावी लागते. मागचे आकडे एका ओळीत दिसले तरच मात्रा नीट ठरवता येते. त्यामुळे अशा रुग्णांच्या जुन्या नोंदी हाताने भरण्याचे कष्ट सार्थ ठरतात. सर्दी-तापाच्या जुन्या चिठ्ठ्यांसाठी स्कॅन पुरेसे असते.

दुसरी अडचण ओळखीची. नागपुरात छिंदवाडा, बालाघाटपासून गडचिरोलीपर्यंतचे रुग्ण येतात. ‘चौधरी’ हे आडनाव रोमन लिपीत अनेक प्रकारे लिहिले जाते, मोबाइल क्रमांक बहुधा घरात एकच. परिणामी एकाच रुग्णाच्या दोन नोंदी किंवा दोघांची एक नोंद होऊ शकते. दुसरा प्रकार अधिक घातक, कारण एकाची ॲलर्जी दुसऱ्याच्या नावावर चढते. आभा, म्हणजे प्रत्येकाच्या आरोग्य खात्याचा १४ अंकी ओळख क्रमांक, हा यावरचा उपाय आहे. तो ऐच्छिक आहे.

भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांनी आंतररुग्णांचे (दाखल असलेल्या रुग्णांचे) कागद तीन वर्षे जपणे, मागणीनंतर ७२ तासांत देणे व नोंदींच्या संगणकीकरणाचा प्रयत्न करणे सांगितले. केंद्र सरकारची संगणकीय आरोग्य नोंदींची मानके २०१३ मध्ये आली, २०१६ मध्ये सुधारली. आभा क्रमांक ज्याखाली दिला जातो ते आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झाले.