शोधकल्पनांचं लोकमतदान

शोधकल्पनांचं लोकमतदान म्हणजे कुणालाही सुचलेली नव्या वस्तूची आयडिया वेबसाइटवर टाकायची, तिथे जमलेल्या लोकांनी ती वाचून मत द्यायचं, सुधारणा सुचवायच्या आणि जिला भरपूर मतं पडतील ती बनवायची का याचा विचार वेबसाइट चालवणाऱ्या कंपनीने करायचा, अशी पद्धत. टाकणारा इंजिनिअर असावा लागत नाही, त्याच्याकडे वर्कशॉप किंवा भांडवल असावं लागत नाही, आणि हीच या पद्धतीची खरी ताकद आहे कारण रोजच्या वापरात वस्तू कुठे अडते हे ती वापरणाऱ्यालाच सगळ्यात आधी कळतं. पण मत आवडीचं पडतं, वस्तू चालेल की नाही, किती खर्चात बनेल, कुणी पैसे देऊन घेईल का हे त्या मतातून कळत नाही, आणि बहुतेकांची निराशा इथेच होते.

मुळात ही गोष्ट इंटरनेटच्या खूप आधीची. स्कॉटलंडमधल्या डम्बार्टनच्या विल्यम डेनी यांच्या जहाज कारखान्यात १८८० मध्ये कामगारांनी सुचवलेल्या सुधारणांना बक्षीस देण्याची रीतसर योजना सुरू झाली, पुढे कितीतरी कारखान्यांत सूचनापेटी आली. त्या पेटीत चिठ्ठी टाकली की ती फक्त वरचे लोक वाचायचे, बाजूला काम करणाऱ्याला पत्ताही नसायचा. वेबसाइटने बदल केला तो एवढाच की चिठ्ठी सगळ्यांसमोर उघडी झाली. शिकागोत २००० साली सुरू झालेल्या थ्रेडलेस या वेबसाइटवर लोक टीशर्टची डिझाइनं टाकायचे, बाकीचे सात दिवस शून्य ते पाच गुण द्यायचे आणि त्यातून निवडलेली छापली जायची. डेल कंपनीने फेब्रुवारी २००७ मध्ये आयडियास्टॉर्म ही अशीच वेबसाइट काढली तर तिथे विंडोजऐवजी लिनक्स (फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम) घातलेला कॉम्प्युटर द्या ही मागणी इतकी वर आली की त्याच वर्षी मे महिन्यात उबुंटू या लिनक्सच्याच प्रकारावर चालणारे कॉम्प्युटर विक्रीला आले. जोडायच्या ठोकळ्यांची खेळणी बनवणाऱ्या लेगोने हा प्रयोग २००८ मध्ये जपानमध्ये सुरू केला, २०११ मध्ये जगभर उघडला आणि २०१४ पासून तो लेगो आयडियाज या नावाने चालतो.

शोधांच्या बाबतीत मात्र सगळ्यात जास्त शिकवून गेली ती क्वर्की. बेन कॉफमन यांनी २००९ मध्ये न्यूयॉर्कला काढलेली कंपनी. आयडिया टाका, लोक मत देतील, निवडली गेली तर डिझाइन, नाव, रंग, किंमत या प्रत्येक टप्प्यावर पुन्हा लोकांनाच विचारायचं आणि ज्याचा जेवढा हातभार तेवढा त्याला विक्रीतला वाटा. त्यांची सगळ्यात गाजलेली वस्तू म्हणजे पिव्होट पॉवर, जेक झीन या विद्यार्थ्याची आयडिया. साधं एक्स्टेंशन बोर्ड डोळ्यासमोर आणा, एका ओळीत सहा सॉकेट, त्यात जाडजूड चार्जरचा ठोकळा लावला की शेजारचं सॉकेट झाकलं जातं, म्हणजे सहा असून चारच वापरता येतात. झीन यांच्या बोर्डात प्रत्येक सॉकेटचा तुकडा शेजारच्याशी सांध्याने जोडलेला, त्यामुळे अख्खा बोर्ड वाकवता येतो आणि वळणावर ठोकळ्यांना जागा मिळते. हे वाचल्यावर कुणालाही दोन सेकंदात कळतं, समजावून सांगावं लागत नाही, आणि अशाच आयडिया मतदानात वर जातात.

२०१३ मध्ये जनरल इलेक्ट्रिक या मोठ्या अमेरिकी कंपनीने क्वर्कीत ३ कोटी डॉलर घातले, आपली पेटंटही तिथल्या लोकांना वापरायला खुली केली, २०१४ मध्ये गार्थेन लेस्ली यांच्या आयडियावरून फोनवरून चालणारा एरॉस हा खिडकीचा एसी आला. आणि सप्टेंबर २०१५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. आयडिया कमी पडल्या नव्हत्या, उलट फार झाल्या होत्या. प्रत्येक प्लास्टिकच्या वस्तूला साचा बनवावा लागतो, चाचण्या, सर्टिफिकेट, गोदामातला माल, परत आलेला माल, आणि हा खर्च वस्तू हजार खपो की लाख, सुरुवातीला करावाच लागतो, तेव्हा एकामागोमाग एक नव्या वस्तू काढत राहिलं की एखाद्या चाललेल्या वस्तूची कमाई बाकीच्या न चाललेल्या खाऊन टाकतात. मतदान करणाऱ्याच्या खिशातून मात्र यातलं काहीच जात नाही, म्हणून तो मनमोकळं मत देतो. माझ्या मते या पद्धतीतला सगळ्यात मोठा खड्डा हाच, फुकटातली पसंती आणि पैसे मोजून केलेली खरेदी यात खूप अंतर असतं.

आता आयडिया लिहिण्याबद्दल, कारण चांगली आयडिया वाईट लिहिल्यामुळे मेलेली फार दिसते. समजा कुणी मथळा दिला “स्मार्ट छत्री”. यातून काय कळतं? काहीच नाही. त्याच माणसाने लिहिलं की बसमध्ये चढताना छत्री मिटली की ओली बाजू बाहेर राहते, पाणी आपल्या पायावर आणि शेजारच्याच्या मांडीवर गळतं, तर वाचणारा लगेच मान हलवतो, त्याच्याही बाबतीत हे झालेलं असतं. आधी अडचण, मग आज लोक त्यावर काय जुगाड करतात (प्लास्टिकच्या पिशवीत कोंबतात), मग आपला उपाय, आणि हाताने काढलेलं एक चित्र ज्यात बाण दाखवून काय कुठे हलतं ते लिहिलंय. चित्र सुबक नसलं तरी चालतं. आणि टाकण्याआधी शोधाशोध करायचीच, कारण याच उदाहरणात ओली बाजू आत घेऊन उलटी मिटणारी छत्री बाजारात आधीपासून आहे, ती माहीत नसेल तर पहिल्याच कमेंटमध्ये तिची लिंक येते आणि सगळं तिथेच थांबतं. दुकानं, ऑनलाइन विक्री आणि पेटंटचा डेटाबेस, तिन्हीकडे बघायचं, गुगल पेटंट्स आणि एस्पेसनेट दोन्ही फुकट आहेत. कित्येक शोध पेटंट होऊन कधी बाजारात आलेच नाहीत, म्हणून दुकानात दिसत नाही याचा अर्थ नवीन आहे असा होत नाही.

मतं मोजण्यातही गोम असते. दोघांनी बघून दोघांनीही पसंत केलेली आयडिया शंभर टक्के, आणि शंभरातल्या ९५ जणांनी पसंत केलेली ९५ टक्के, म्हणून पहिली वर ठेवायची का? अर्थातच नाही, दोन मतांवर भरवसा कसला. यासाठी एडविन विल्सन या गणितज्ञांनी १९२७ मध्ये मांडलेलं सूत्र वापरता येतं, त्यात मतं कमी असतील तर खात्री कमी धरून आकडा खाली आणतात, त्या हिशोबाने पहिलीला साधारण ३४ टक्के आणि दुसरीला ८९ टक्के मिळतात. पण सगळ्या वेबसाइट असा हिशोब करत नाहीत, कितीतरी ठिकाणी नुसती बेरीज असते, मग जी आधी टाकली ती वर, वर असते म्हणून जास्त दिसते आणि जास्त दिसते म्हणून अजून मतं. २००६ मध्ये सॅल्गनिक, डॉड्स आणि वॉट्स या संशोधकांचा प्रयोग प्रसिद्ध झाला होता, १४ हजारांवर लोकांना ४८ अनोळखी गाणी ऐकवली, काहींना बाकीच्यांनी किती डाउनलोड केलं ते दिसत होतं, काहींना नाही. जिथे आकडे दिसत होते तिथे लोकप्रिय गाणी जास्तच लोकप्रिय झाली, शिवाय वेगवेगळ्या गटांत वेगवेगळी गाणी वर गेली. फार चांगलं गाणं सहसा तळाला जात नव्हतं आणि फार वाईट सहसा वर येत नव्हतं, पण मधलं कुठेही जाऊ शकत होतं. आयडियांचंही तसंच, त्यामुळे कमी मतं पडली म्हणून आयडिया टाकाऊ असं लगेच ठरवू नये.

ओळखीपाळखीचाही भाग आहेच. लेगो आयडियाजवर पहिल्या ६० दिवसांत १०० जणांचा पाठिंबा मिळवावा लागतो, मग टप्प्याटप्प्याने मुदत वाढत १०,००० पर्यंत जायचं, आणि तिथे पोचल्यावर फक्त कंपनीच्या परीक्षणात प्रवेश मिळतो, निवड नाही, परीक्षणात बहुतेक आयडिया गळतातच. माइनक्राफ्ट या कॉम्प्युटर गेमवरच्या ठोकळ्यांच्या सेटने हे १०,००० दोन दिवसांच्या आत गाठले कारण त्या खेळाचे चाहते आधीच जगभर होते. ज्याच्यामागे असे चाहते नाहीत त्याला महिनोन्‌महिने लोकांना सांगत बसावं लागतं.

पेटंटची गोष्ट मी मुद्दाम शेवटी ठेवली नाही, ती शेवटी येते कारण लोक तिचा विचार शेवटी करतात, आणि तिथेच कायमचं नुकसान होतं. नुसत्या आयडियाला पेटंट मिळत नाही, ती कशी काम करते ते सांगावं लागतं, आणि ती जगासमोर आधी आलेली नसावी लागते. उघड्या वेबसाइटवर सगळं तपशीलवार टाकलं म्हणजे ती जगासमोर आली, आपणच आणली. अमेरिकेत शोधकाने स्वतः उघड केल्यापासून एक वर्षाची सवलत आहे, युरोपात अशी सरसकट सवलत नाही, भारतातही नाही, मोजके अपवाद सोडले तर. म्हणून आधी तात्पुरता अर्ज करायचा, प्रोव्हिजनल म्हणतात तो, त्याने तारीख आपल्या नावावर लागते आणि पूर्ण अर्ज द्यायला १२ महिने मिळतात. या बारा महिन्यांत मतदान करून घ्या, लोक काय म्हणतात बघा, मग पूर्ण अर्जाच्या खर्चात पडायचं की नाही ते ठरवा. मतदानाचा इतका चांगला उपयोग दुसरा नाही. अर्ज करायचाच नसेल तर अडचण आणि उपायाचा फायदा सांगा, आतली यंत्रणा सांगू नका.

बाकी अटी वाचायच्या. टाकल्याबरोबर हक्क कंपनीकडे जातात की निवडल्यावर, निवड झाली नाही तर परत मिळतात का आणि किती दिवसांनी, दुसरीकडे टाकता येते का. रॉयल्टी, म्हणजे आयडिया देणाऱ्याला मिळणारा वाटा, कशावर तेही बघायचं, लेगो आयडियाज निव्वळ विक्रीच्या १ टक्का देतं, काही ठिकाणी नफ्यावर देतात आणि नफा कसा मोजायचा ते कंपनी ठरवते. कंपनी बुडाली तर आधी तारण असलेल्या सावकारांचे पैसे फेडले जातात, थकलेली रॉयल्टी सहसा त्या रांगेत बरीच मागे असते, तेव्हा अशा वेळी शोधाचे हक्क मूळ माणसाकडे परततील असं कलम करारात आहे का ते सही करण्याआधीच शोधायचं.