वर्ड क्लॉक

वर्ड क्लॉक : एकमेकांना जोडलेल्या डिजिटल ध्वनी उपकरणांनी सँपल (ध्वनीच्या लहरीची ठरावीक अंतराने घेतलेली मोजमापे) एकाच गतीने घ्यावीत व द्यावीत, यासाठी त्यांना पुरविला जाणारा सामाईक विद्युत् संकेत. हा चौकोनी तरंग असतो व त्याचे एक आवर्तन म्हणजे एक सँपल. ४८ किलोहर्ट्‌झवर चालणाऱ्या स्टुडिओत तो सेकंदाला ४८,००० वेळा वरखाली होतो. नावातील ‘वर्ड’ बोलण्यातला शब्द नव्हे. संगणक एका वेळी हाताळतो त्या बिटांच्या गटाला वर्ड म्हणतात आणि १६ वा २४ बिटांचे एक सँपल हा तसाच गट. ‘क्लॉक’ही थोडे फसवेच आहे. किती वाजले, गाण्याचा कितवा सेकंद चालू आहे, हे या संकेतातून कळत नाही. ते काम टाइमकोडचे. वर्ड क्लॉक नुसत्या मात्रा मोजते, सम कुठे ते सांगत नाही.

प्रत्येक उपकरणाच्या पोटात क्वार्ट्झचा स्फटिक असतोच, मग बाहेरून संकेत कशाला? कारण कोणतेही दोन स्फटिक तंतोतंत सारखे नसतात. दहा लाखांत १० इतका किरकोळ फरक धरला तरी ४८ किलोहर्ट्‌झला साधारण दर २ सेकंदांनी एक सँपल जास्त होते किंवा कमी पडते. त्या जागी ‘टिक्’ असा आवाज येतो. ढोलताशात तो खपून जातो; तंबोऱ्याच्या संथ नादात किंवा आलापामधल्या विरामात मात्र लगेच कानाला लागतो.

किती मात्रा मोजायच्या, यातील ४४.१ किलोहर्ट्‌झ हा आकडा पुष्कळ चर्चेचा विषय झाला आहे. माणसाला सुमारे २० किलोहर्ट्‌झपर्यंत ऐकू येते, म्हणून त्याची दुप्पट आणि त्याहून वरचे आवाज गाळणाऱ्या फिल्टरसाठी थोडी जागा, असे स्पष्टीकरण सर्रास दिले जाते. ते चूक नाही. पण त्यातून ४० च्या वरचा कोणताही आकडा निघू शकतो, नेमका ४४.१ निघत नाही. ४४,१०० ही संख्या २, ३, ५ आणि ७ या पहिल्या चार मूळ संख्यांच्या वर्गांचा गुणाकार आहे, हे गणिती लोकांना मोहात पाडते, परंतु त्याला कारण मानणे कठीण. व्हिडिओ टेपकडे बोट दाखवणारे मत अधिक ग्राह्य वाटते. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात डिजिटल ध्वनी साठवण्यासाठी यू-मॅटिकसारखी व्हिडिओ यंत्रे वापरात आली. चित्राच्या एका ओळीत दर वाहिनीची ३ सँपल बसवली जात. सेकंदाला ६० क्षेत्रे (क्षेत्र म्हणजे एकाआड एक ओळींचे अर्धे चित्र) आणि दर क्षेत्रात वापरण्याजोग्या २४५ ओळी, म्हणजे ६० × २४५ × ३ = ४४,१००. भारतासारख्या ५० क्षेत्रांच्या देशांत २९४ ओळी घेतल्या की ५० × २९४ × ३ हाही हिशेब तेथेच येतो. दोन्ही दूरचित्रवाणी पद्धतींना चालणारा हा दर पुढे कॉम्पॅक्ट डिस्कने उचलला. अमेरिकी रंगीत पद्धतीत क्षेत्रे ६० ऐवजी ५९.९४ असतात, त्यामुळे तिकडच्या काही यंत्रांवर ४४.०५६ असा चमत्कारिक दर आढळतो.

१९९१ मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीने एईएस-११ हे मानक काढले. त्यात मुख्य संदर्भ म्हणून वर्ड क्लॉक नव्हे, तर एईएस-३ या डिजिटल ध्वनी वाहून नेणाऱ्या स्वरूपाचा संकेत धरलेला आहे. वर्ड क्लॉक रूढीने टिकले, आणि म्हणूनच त्याच्या व्होल्टेजबाबत कंपन्यांचे पूर्ण एकमत दिसत नाही. जोडणी बहुधा ७५ ओहमच्या कोअॅक्सिअल केबलने व बीएनसी कनेक्टरने होते. बीएनसीचा ‘ब्रिटिश नेव्हल कनेक्टर’ असा विस्तार पुष्कळ ठिकाणी छापलेला सापडतो. नील व कॉन्सेलमन या दोन अभियंत्यांची आद्याक्षरे आणि पीळ देऊन अडकणाऱ्या ‘बायोनेट’चा ब, हा विस्तार जास्त विश्वसनीय आहे.

घरच्या स्टुडिओत एकच ऑडिओ इंटरफेस (माइक व संगणक यांना जोडणारे उपकरण) असेल तर यातले काहीच लागत नाही. प्रश्न उभा राहतो तो आठ माइकांचा वेगळा प्रीअँप (माइकचा क्षीण संकेत वाढवणारे उपकरण) ऑप्टिकल केबलने जोडला की. नियम एवढाच, की मास्टर एक आणि बाकीचे त्याच्या मागे. ऑप्टिकल संकेतातच क्लॉक दडलेले असते. त्यामुळे प्रीअँप मास्टर ठेवून इंटरफेस ‘एक्स्टर्नल’वर टाकला तरी भागते. उलट करायचे तर इंटरफेसकडून प्रीअँपकडे बहुधा बीएनसी केबल न्यावी लागते. जुळले नाही तर ‘लॉक’चा दिवा बहुधा लुकलुकत राहतो. दरच चुकला, म्हणजे ४४.१ चे गाणे ४८ वर वाजले, तर पांढरी एकचा षड्ज काळी एक आणि पांढरी दोन यांच्या मधोमध कुठेतरी चढतो आणि पेटीच्या कोणत्याच पट्टीला लागत नाही.

केबलच्या लांबीची काळजी विनाकारण केली जाते. मीटरला सुमारे ५ नॅनोसेकंद उशीर होतो. ४८ किलोहर्ट्‌झला एक सँपल २०.८ मायक्रोसेकंदांचे असते. काळजी घ्यायची ती टोकाची. टी-जोड लावून साखळी केल्यास शेवटच्या उपकरणावर ७५ ओहमचे टर्मिनेशन, म्हणजे संकेत शोषून घेणारा रोध, हवे, तेही एकदाच. ते नसेल तर संकेत परतून येतो, दोनदा झाले तर त्याची उंची घटते. जुन्या संगणक जाळ्यांतले टर्मिनेटर दिसायला अगदी तसेच असतात, पण ते ५० ओहमचे.

महागडे बाह्य क्लॉक घेतल्याने आवाज ‘खुलतो’ असा दावा केला जातो. क्लॉकच्या ठोक्यांतील सूक्ष्म डळमळीला जिटर म्हणतात. ध्वनीचे आकड्यांत व आकड्यांचे ध्वनीत रूपांतर करणाऱ्या चांगल्या रूपांतरकाचा स्वतःचा स्फटिक त्याच्या अगदी शेजारी असतो. बाहेरचा संकेत केबलमधून येतो आणि आतल्या फेज-लॉक्ड लूपला (आतले ठोके बाहेरच्या ठोक्यांशी जुळवणाऱ्या मंडलाला) त्याचा पाठलाग करावा लागतो. त्यात जिटर घटण्यापेक्षा वाढण्याचीच शक्यता अधिक. उपकरणे पुष्कळ असतील तेव्हा बाह्य क्लॉक सोयीचे असते, हे निर्विवाद.

यूएसबी माइकला वर्ड क्लॉकसाठी सहसा जागाच नसते. असे दोन माइक एकत्र वापरताना मॅकवरील ‘ड्रिफ्ट करेक्शन’सारखी सोय सॉफ्टवेअरमध्ये सँपलांची फेरजुळणी करते.