चाकोरीपासून धावपट्टीपर्यंत : खानदेशातल्या वाहतुकीची पार्श्वभूमी

चाकोरी म्हणजे बैलगाडीच्या चाकांनी मातीत पाडलेला खोल चर. लाकडी चाकावर चढवलेली लोखंडी धाव जेमतेम दोन-तीन बोटं रुंद असायची आणि गाडीचं सगळं ओझं तेवढ्या पट्टीवर यायचं. वैशाखात तापीकाठची काळी माती दगडासारखी टणक असते, तेव्हा गाडी खुशाल चालते. मृगाच्या दोन सरी झाल्या की तीच गाडी आसापर्यंत रुतते. म्हणून जड माल हलायचा तो दसऱ्यानंतर.

सुरत–नंदुरबार–बुऱ्हाणपूर ही इथली जुनी व्यापारी वाट. इंग्लंडचा वकील सर टॉमस रो १६१५ मध्ये सुरतेहून याच बाजूने बुऱ्हाणपूरला जहांगीर बादशहाचा मुलगा शहजादा परवेझ याच्या भेटीला गेला. लमाणांचे तांडे गोणी बैलांच्या पाठीवर लादत. त्यात व्यवहार होता: चाकच नसल्याने चाकोरी पडत नाही, आणि बैल नाल्यातूनही निघतो.

एवढी मोठी तापी असताना माल पाण्यातून का गेला नाही? पावसाळ्यात पूर, उन्हाळ्यात डोह आणि मध्ये उघडे पडलेले खडक. शिवाय उंच, घळींनी कापलेले काठ. त्यामुळे नावा चालल्या त्या मुख्यतः नदी ओलांडायच्या जागी, या काठावरून त्या काठावर. २०१६ च्या कायद्याने हतनूर धरणापासून खंबातच्या आखातापर्यंतची तापी राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक १०० ठरली. पण वाटेत सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा इथले बंधारे आणि पुढे उकाई धरण आहे. एका पातळीवरून दुसरीवर नाव चढवणारे जलपाश बांधल्याशिवाय सलग वाहतूक होणार नाही.

खरा बदल घडवला रेल्वेने. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा थळ घाट १८६५ मध्ये खुला झाला. तिथे चढ ३७ मीटरला एक मीटर, म्हणून गाडीला जादा इंजिनं लावावी लागतात. घाट ओलांडल्यावर चाळीसगाव, पाचोरा, जळगावमार्गे भुसावळपर्यंत मुलूख मोकळा. भुसावळहून एक फाटा १८६७ मध्ये नागपूरला पोचला; दुसरा खंडव्याकडून जाऊन १८७० मध्ये जबलपूरला कलकत्त्याच्या रुळांना मिळाला. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आलेला तो काळ, आणि जळगावची बाजारपेठ वाढली ती याच रुळांच्या बळावर. पुढे सुरतेकडून तापी व्हॅली रेल्वे आली, चाळीसगाव–धुळे फाटा झाला, पाचोरा–जामनेर ही ७६२ मिलिमीटरची अरुंद गाडीही आली.

रूळ, स्लीपर, खडी, भराव असा भार पसरत खाली जातो, म्हणून रेल्वे या मातीवर तगली. रस्ता मात्र तसा तगत नाही. मुंबई–आग्रा आणि सुरत–नागपूर हे दोन्ही हमरस्ते धुळ्यात एकमेकांना छेदतात, आणि दोघांनाही काळी माती टाळता येत नाही. ती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते.

ही माती किती फुगते ते पाहायची चाचणी सोपी आहे. ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून गाळलेली, वाळवलेली माती प्रत्येकी १० ग्रॅम घेऊन १०० मिलिलिटरच्या दोन नळ्यांत टाका. एकीत पाणी, दुसरीत रॉकेल. हवेचे बुडबुडे ढवळून काढा आणि २४ तास हलवू नका. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. तिथे ती १० मिलिलिटरच्या खुणेवर आणि पाण्यात १८ च्या खुणेवर दिसली, तर फुगवटा ८० टक्के. ५० टक्क्यांच्या वरची माती महामार्गाच्या भरावात चालत नाही.

रस्ता बहुधा कडेने का फाटतो याचं उत्तरही इथेच आहे. डांबराखाली मधोमध ओल फारशी बदलत नाही. कडेला मात्र ती दर मोसमात चढते-उतरते. आषाढात कड उचलली जाते, चैत्रात आकसून खचते आणि साइडपट्टीला समांतर लांब भेग पडते. त्या भेगेतून पाणी शिरलं की पुढच्या पावसाळ्यात खड्डा ठरलेला. शेजारी केळीची बाग असेल तर एका बाजूला कायम ओल, दुसरी बाजू कोरडी, आणि रस्ता कलतो. कडेला लावलेलं मोठं झाडही मुळांनी ओल ओढून कड खचवतं.

उपाय माहीत आहेत. भरावाची वरची ५०० मिलिमीटर जागा चांगल्या मुरमाने भरायची, किंवा मातीत तीन ते पाच टक्के चुना मिसळून ती बसवायची. पृष्ठभागाला अडीच टक्के उतार द्यायचा, साइडपट्टी पाणी न झिरपणारी करायची, गटार रस्त्याच्या पायथ्यापासून दूर ठेवायचं. आमच्या मते सर्वांत जास्त हेळसांड होते ती साइडपट्टीची. वरचा डांबराचा थर जाड करून ही चूक भरून निघत नाही.

विमानाला इथे अडवतं ते ऊन. जळगावचा विमानतळ २०१२ मध्ये सुरू झाला. तापलेली हवा विरळ होते. पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाचा जोरही घटतो. समुद्रसपाटीला १५०० मीटर धावपट्टी लागणारं विमान घ्या. जागेची उंची २५० मीटर धरली, तर दर ३०० मीटरला सात टक्के या हिशेबाने लांबी साधारण १५८८ होते. त्या उंचीचं प्रमाण तापमान, म्हणजे हिशेबासाठी ठरवलेलं तापमान, १३.४ अंश, उन्हाळ्याचं संदर्भ तापमान ३७ धरलं तर फरक २३.६ अंशांचा. अंशाला एक टक्का वाढ, म्हणजे सुमारे १९६० मीटर. एवढी लांबी नसेल तर भर दुपारी वजन कमी करावं लागतं: आधी सामान, मग प्रवासी. नाहीतर उड्डाण पहाटे ठेवायचं.