हस्तनियंत्रित एअर सस्पेन्शन

कारखान्यातूनच एअर सस्पेन्शन (स्प्रिंगऐवजी हवेवर गाडी तोलणारी यंत्रणा) घेऊन आलेल्या आलिशान मोटारगाडीची उंची संगणकाऐवजी चालकाने स्वतः ठरवावी, यासाठी मूळ यंत्रणेत जो बदल केला जातो त्याला हस्तनियंत्रण म्हणतात. मर्सिडीज-बेंझने १९६१ मध्ये ३०० एसई या गाडीत हवेचे सस्पेन्शन दिले होते. मात्र या बदलाचा विचार करायला १९९८ साली आलेली डब्ल्यू २२० ही एस-क्लास आणि तिची एअरमॅटिक नावाची एअर सस्पेन्शन यंत्रणा हे अधिक सोयीचे उदाहरण आहे. जपानमध्ये टोयोटा सेल्सिओरसारख्या गाड्या जमिनीलगत बसवण्याच्या हौसेतूनही ही पद्धत रुजली.

एअरमॅटिकमध्ये चारही चाकांवर लोखंडी स्प्रिंगऐवजी हवेने भरलेला रबरी बेलो असतो. पुढे दोन आणि मागे एक असे तीन लेव्हल सेन्सर गाडी किती वर-खाली आहे ते विद्युत संकेताने कळवतात आणि त्यानुसार संगणक कॉम्प्रेसर चालवून हवा भरतो किंवा व्हॉल्व्ह उघडून ती सोडतो.

सर्वांत सोपा बदल सेन्सरला सस्पेन्शनशी जोडणाऱ्या दांडीत होतो. बोटभर लांबीच्या या दांडीच्या दोन्ही टोकांना गोळीचे सांधे असतात. तिच्या जागी आटे पाडलेली, लांबी बदलता येणारी दांडी बसवून काही मिलिमीटरचा फरक केला, की गाडी वाजवीपेक्षा उंच आहे अशी संगणकाची समजूत होते आणि तो हवा सोडून तिला खाली आणतो. सेन्सरचा संकेतच वाटेत बदलणारे इलेक्ट्रॉनिक मॉड्यूलही हेच काम बटणावर करते. तरीही याला खरे हस्तनियंत्रण म्हणता येत नाही, कारण निर्णय संगणकाचाच राहतो, फक्त त्याला मिळणारी माहिती बदललेली असते.

पूर्ण हस्तनियंत्रणात संगणकाला बाजूला सारून प्रत्येक बेलोला हवा भरण्याचा एक आणि सोडण्याचा एक, असे एकूण आठ व्हॉल्व्ह लागतात आणि चालकाजवळ स्विच व दाबमापक येतात. खर्च वाचवण्यासाठी डावा-उजवा बेलो एकाच नळीवर जोडणे ही मोठी चूक आहे: वळणावर बाहेरच्या बाजूची हवा आतल्या बाजूला पळते आणि गाडी अधिकच कलते. दाबमापकावरून उंची कळते हा समजही बरोबर नाही. बेलोतील दाब मुख्यतः त्यावरील भाराने ठरतो. मागे तीन माणसे बसली की गाडी दबते आणि काटा मात्र वर चढतो. म्हणून उंची चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावून मोजणे हाच भरवशाचा मार्ग आहे.

संगणक फक्त उंची पाहत नव्हता, ही गोष्ट अनेकदा उशिरा ध्यानात येते. कॉम्प्रेसर तापला की त्याला थांबवणे हेही त्याचेच काम होते. त्याला काढल्यावर वेगळा प्रेशर स्विच (ठरावीक दाब आला की कॉम्प्रेसर बंद करणारा) आणि तापमानरक्षक बसवला नाही, तर एखाद्या सांध्यातील बारीक गळतीमुळे कॉम्प्रेसर चालतच राहून जळतो. अशी गळती साबणाचे पाणी लावल्यावर येणाऱ्या बुडबुड्यांवरून सापडते. ज्या गाड्यांत शॉकअपचा कडकपणाही त्याच संगणकाकडे असतो, तिथे शॉकअप एकाच अवस्थेत अडकून बसतात. गाडी खूप खाली ठेवून चालवली तर रबराला घड्या पडून चिरा जातात, चाकांचे कोन बदलून टायर आतल्या कडेने झिजतात आणि हेडलाइटच्या झोताचा रोखही बिघडतो. त्यामुळे नव्या उंचीवर चाकांचे अलाइनमेंट (कोनांची जुळणी) करून घेणे अनिवार्य आहे. केवळ बेलोतील हवेच्या भरवशावर उभ्या असलेल्या गाडीखाली कधीही शिरू नये, कारण चुकून एक स्विच दाबला गेला तरी ती क्षणात खाली बसते.

भारतात मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरबदल करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हीच भूमिका कायम केली. जर्मनीत असा बदल तपासणी करून कागदपत्रांत नोंदवून घ्यावा लागतो.