संदेशसेवांच्या खुलेपणाचे गणित

युरोपात व्हॉट्सॲपवरून आता दुसऱ्या कंपनीच्या ॲपवर असलेल्या माणसालाही संदेश पाठवण्याची सोय झाली आहे. मात्र ही बातमी वाचून व्हॉट्सॲपची मालक असलेल्या मेटा कंपनीला औदार्याचा उमाळा आला असे समजण्याचे कारण नाही.

समजा, एका सेवेवर ९० माणसे आहेत आणि दुसरीवर १०. माणसांच्या संख्येला तिच्याहून एकाने कमी असलेल्या संख्येने गुणून निम्मे केले की संभाव्य जोड्या मिळतात. त्या हिशेबाने पहिल्या सेवेत ४००५ आणि दुसरीत केवळ ४५ जोड्या होतात. दोन्ही सेवा जोडल्या तर ९०० नव्या जोड्यांची भर पडते. मोठ्या सेवेवरील माणूस ८९ ऐवजी ९९ जणांशी बोलू शकतो, तर छोट्या सेवेवरील माणूस ९ वरून थेट ९९ वर जातो. म्हणजे ‘सगळे तिकडेच आहेत’ हे मोठ्या सेवेचे एकमेव हुकमी बलस्थानच नाहीसे होते. (प्रत्येक जोडी सारख्याच मोलाची नसते, तरीही याच सूत्रावरून कंपन्यांच्या अवाच्या सवा किमती ठरवणारे महाभाग आहेत.)

म्हणूनच खुलेपणाचा आग्रह नेहमी मागून आलेल्याचा असतो. १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टचे मेसेंजर नवखे होते, तेव्हा ते एओएल या तेव्हाच्या बड्या अमेरिकी इंटरनेट कंपनीच्या संदेशसेवेच्या जाळ्यात शिरू पाहत होते आणि एओएल ती वाट वारंवार बुजवत होती. संगणकांच्या बाजारात मात्र हीच मायक्रोसॉफ्ट मक्तेदारीच्या खटल्याला तोंड देत होती. गूगल टॉकने २००६ मध्ये एक्सएमपीपी या खुल्या प्रणालीद्वारे इतर सेवांशी संधान बांधले. २०१३ मध्ये आलेल्या गूगलच्याच हँगआउट्सने ते राखले नाही.

युरोपीय संघाच्या डिजिटल मार्केट्स ॲक्ट या कायद्याने बड्या संदेशसेवांना इतर सेवांसाठी दार उघडणे भाग पाडून हा हिशेब बदलला. मार्च २०२४ पासून तो पाळणे बड्या कंपन्यांना बंधनकारक झाले असून उल्लंघनासाठी जागतिक वार्षिक उलाढालीच्या १० टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. एंड-टू-एंड एन्क्रिप्शन, म्हणजे संदेश फक्त पाठवणाऱ्याला आणि घेणाऱ्यालाच वाचता येईल अशी कुलूपबंदी, टिकवण्याची अटही त्यात आहे. तरीही सिग्नल आणि थ्रीमा या छोट्या सेवांनी जोडून घेण्यास नकार दिला, कारण मजकूर कुलूपबंद राहिला तरी कोण कोणाशी केव्हा बोलले, ही माहिती दुसऱ्या कंपनीच्या हाती पडू शकते.

शिवाय व्हॉट्सॲपमध्ये ही सोय वापरकर्त्याने स्वतः सुरू करावी लागते. आपल्या उदाहरणातील ९० पैकी ९ जणांनीच ती सुरू केली, तर ९०० ऐवजी ९० नव्या जोड्या जुळतात आणि छोट्या सेवेवरील माणूस ९९ नव्हे, जेमतेम १८ जणांपर्यंत पोहोचतो.