टॉर्शन की इन्फेक्शन? अंडकोष दुखायला लागला तर नेमकं काय समजायचं

एका बाजूची गोटी दुखतेय, सुजलीये, पिशवी लाल झालीये आणि हात लावू देत नाही, एवढ्या वर्णनात दोन पार वेगळे आजार बसतात. एक टॉर्शन, म्हणजे गोटीला आतल्या आत पीळ बसणं. दुसरा एपिडिडिमायटिस, म्हणजे गोटीच्या मागच्या बाजूला जी वीर्यवाहक नळ्यांची गुंडाळी असते तिला इन्फेक्शन होणं. पहिल्यात काही तासांत ऑपरेशन झालं नाही तर गोटी मरते, दुसऱ्यात दहाएक दिवसांच्या अँटिबायोटिकने बहुतेक जण बरे होतात. आणि घोळ असा की अनुभवी डॉक्टरसुद्धा कित्येकदा नुसतं बघून छातीठोकपणे सांगू शकत नाहीत की हे यातलं कुठलं.

आधी टॉर्शन, कारण घाई त्याचीच असते. गोटी एका कॉर्डला, म्हणजे दोरीसारख्या जुडग्याला लटकलेली असते, त्यातूनच तिचं रक्त येतं नि जातं. साधारणपणे गोटी मागच्या बाजूने पिशवीला चिकटलेली असते म्हणून ती स्वतःभोवती फिरत नाही, पण काही मुलांमध्ये जन्मतःच ही पकड नसते आणि गोटी घंटेतल्या लोलकासारखी मोकळी लोंबकळत राहते. मग कधीतरी झोपेत, खेळताना, किंवा कशानेच नाही, ती फिरते आणि कॉर्डला पीळ पडतो. आधी रक्त परत नेणाऱ्या शिरा दबतात म्हणून सूज येते, मग येणारं रक्तही थांबतं. २५ च्या आतल्या मुलग्यांमध्ये वर्षाला साधारण ४००० त एकाला हे होतं, त्यातही १२ ते १८ हे वय सगळ्यात जास्त. नवजात बाळांमध्येही होतं, पण ते प्रकरण वेगळं. आणि चाळिशीत होतच नाही असंही नाही, फक्त कमी.

याचं दुखणं अचानक येतं. म्हणजे रात्री झोपलेला मुलगा पहाटे दुखून जागा होतो आणि नेमकी वेळ सांगू शकतो की अमुक वाजता सुरू झालं. सोबत मळमळ, उलटी. ताप बहुतेक नसतो, लघवीला जळजळ नसते. आता एक गोष्ट जी पालकांनी खरंच लक्षात ठेवावी, कित्येक मुलं गोटी दुखतेय असं म्हणतच नाहीत, ती म्हणतात पोट दुखतंय. एकतर दुखणं खरोखरच ओटीपोटात जाणवतं कारण नसा तशा जोडलेल्या असतात, आणि दुसरं म्हणजे तेरा-चौदा वर्षांचा पोरगा आईसमोर तिथलं नाव काढायला लाजतो. मग पोटदुखी नि उलटी म्हणून अ‍ॅसिडिटीचं औषध दिलं जातं, झोप म्हणतात, आणि सकाळ होईपर्यंत वेळ निघून गेलेली असते. पोटाच्या खालच्या भागात अचानक दुखणाऱ्या मुलाची चड्डी काढून तपासलीच पाहिजे, डॉक्टरने नाही तपासली तर तुम्ही सांगा तपासायला, यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

इन्फेक्शनचं वागणं जरा वेगळं. ते हळूहळू चढतं, आज थोडं जड वाटतंय, उद्या दुखतंय, परवा सूज. सुरुवातीला दुखणं गोटीच्या मागच्या बाजूला असतं, नंतर ते गोटीतही पसरतं आणि मग त्याला एपिडिडिमो-ऑर्कायटिस म्हणतात. ताप येऊ शकतो, लघवीला जळजळ होते, वारंवार जावं लागतं, काहींना लिंगातून पांढरट-पिवळट स्राव येतो. साधारण ३५ च्या आतल्या, सेक्शुअली अ‍ॅक्टिव्ह पुरुषांत क्लॅमिडिया किंवा गोनोरिया हे सेक्समधून पसरणारे नेहमीचे जंतू, त्यापुढच्या वयात लघवीच्या इन्फेक्शनवालेच ई. कोलाय वगैरे, कारण प्रोस्टेट वाढल्यामुळे लघवी पूर्ण होत नाही किंवा नुकताच कॅथेटर (लघवीची नळी) घातलेला असतो. लहान मुलांत मात्र बऱ्याचदा जंतू सापडतच नाही. गालफुगीनंतर आठवड्याभरात गोटी सुजली तर ते व्हायरसचं, त्याला अँटिबायोटिक देऊन काही उपयोग नाही. टीबीमुळेही होतं, पण तिथे दुखणं कमी आणि गाठ कडक, महिनोन्‌महिने चालणारी.

आता वाचून वाटेल की अचानक म्हणजे टॉर्शन आणि हळूहळू म्हणजे इन्फेक्शन, झालं की. कागदावर हो. पण प्रत्यक्षात टॉर्शन कधी अर्धवट असतं, पीळ बसतो, सुटतो, परत बसतो, त्यामुळे दुखणं येतं-जातं असं होतं, आणि गोटीकडचं रक्त थांबून बारा-पंधरा तास झाले की पिशवी इतकी लाल नि सुजलेली दिसते की कोणीही इन्फेक्शनच म्हणेल. म्हणून तपासणीत डॉक्टर दोन-तीन गोष्टी एकत्र बघतात.

यातली एक फार साधी आहे. मांडीच्या आतल्या बाजूला, वरच्या भागात बोटाने किंवा पेनाच्या टोकाने हलकेच रेघ ओढायची. नॉर्मल असेल तर त्याच बाजूची गोटी एकदम वर उचलली जाते, याला क्रेमास्टेरिक रिफ्लेक्स म्हणतात. टॉर्शनमध्ये ती बहुतेक वेळा जागची हलतच नाही. इन्फेक्शनमध्ये रिफ्लेक्स बहुधा शाबूत असतो. शिवाय पीळ बसलेली गोटी वर ओढली गेलेली आणि आडवी झालेली दिसते. गोटी हाताने वर उचलली की इन्फेक्शनवाल्याला बरं वाटतं नि टॉर्शनवाल्याला नाही, अशीही एक जुनी खूण आहे, तिच्यावर मात्र निर्णय सोडू नये, ती फसवते.

मुलांसाठी ट्विस्ट नावाचा स्कोअर वापरतात. सुजलेल्या गोटीला २ गुण, कडक लागली तर २, रिफ्लेक्स नसेल तर १, मळमळ-उलटी असेल तर १, गोटी वर चढलेली असेल तर १, एकूण ७. पाच किंवा जास्त आले तर शक्यता इतकी मोठी की बरेच सर्जन सोनोग्राफीसाठी न थांबता थेट ऑपरेशनला घेतात. दोन किंवा कमी असेल तर टॉर्शनची शक्यता फार कमी. मधल्यांसाठी कलर डॉपलर सोनोग्राफी, ज्यात गोटीत रक्त खेळतंय की नाही ते दिसतं. टॉर्शनमध्ये रक्त कमी किंवा बंद, इन्फेक्शनमध्ये उलट नेहमीपेक्षा जास्त. पण इथेही मेख आहे, अर्धवट पिळात डॉपलरवर थोडं रक्त दिसू शकतं. त्यामुळे रिपोर्ट नॉर्मल आणि मुलगा तळमळतोय असं असेल तर रिपोर्टपेक्षा मुलावर विश्वास ठेवणारा डॉक्टर चांगला. माझं मत विचाराल तर, सोनोग्राफीवाला सकाळी येईल तेव्हा बघू, हे वाक्य या आजारात ऐकूनच घ्यायचं नाही, सरळ जिथे सर्जन आहे तिथे जायचं.

घड्याळाचा हिशेब असा. दुखणं सुरू झाल्यापासून साधारण ६ तासांच्या आत पीळ सोडवला तर दहातल्या नऊ किंवा जास्तच गोट्या वाचतात. बारा तासांनंतर शक्यता निम्म्याच्याही खाली घसरू लागते, २४ तासांनंतर फारच थोड्या वाचतात. पण सहा तास होऊन गेले म्हणून आता काय उपयोग असं म्हणून घरी बसू नका, पीळ किती घट्ट आहे यावर बरंच अवलंबून असतं, सैल पीळ असेल तर उशिरानेही वाचलेल्या आहेत. आणि निघताना पोराला काही खायला-प्यायला देऊ नका, भूल द्यावी लागणारे.

ऑपरेशन तसं लहान. पिशवीवर छोटा छेद, गोटी बाहेर काढतात, ती काळीनिळी पडलेली असते, पीळ उलटा सोडवतात आणि कोमट सलाईनमध्ये भिजवलेल्या कापडात गुंडाळून ठेवतात. मग थांबायचं. रंग परत गुलाबी यायला लागला तर टाके घालून गोटी जागेवर पक्की करतात, काळीच राहिली तर काढावी लागते. तेवढ्या वेळात दुसऱ्या बाजूची गोटीही टाक्यांनी बांधून घेतात, कारण ती ढिली पकड बहुतेक दोन्हीकडे असते आणि उद्या तिकडेही हेच होऊ शकतं. नातेवाईक विचारतात चांगल्या बाजूला हात का लावला, तर म्हणून. एक गोटी गेली तरी दुसरी धडधाकट असेल तर हार्मोन आणि मूल होणं सहसा अडत नाही, एवढं त्या मुलाला नीट समजावून सांगायला हवं, कारण तो विचारणार नाही.

म्हणजे संशय असताना उघडून बघितलं नि आत इन्फेक्शनच निघालं, तर तोटा एका छोट्या व्रणाचा. उलट टॉर्शनला इन्फेक्शन समजून पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या तर तोटा एका गोटीचा. म्हणून सर्जन चुकायचंच तर सावधगिरीच्या बाजूने चुकतात, आणि ते बरोबरच आहे.

इन्फेक्शनच आहे हे पक्कं झालं की घाई संपते, पण शिस्त लागते. लघवीची तपासणी नि कल्चर, तरुणांत क्लॅमिडिया-गोनोरियाची टेस्ट. तरुणांना सहसा सेफट्रायॅक्झोन ५०० मिग्रॅचं एक इंजेक्शन आणि डॉक्सीसायक्लिन १०० मिग्रॅ दिवसातून दोनदा १० दिवस, ई. कोलायसारख्या आतड्यातल्या जंतूंचं वाटलं तर लिव्होफ्लॉक्सॅसिनसारखं काही, हे डॉक्टरने ठरवायचं, मेडिकलवाल्याने नाही. सोबत आराम, घट्ट सपोर्टर किंवा खाली टॉवेलची घडी ठेवून उचलून धरणं, दुखण्याची गोळी. कारण लैंगिक असेल तर गेल्या ६० दिवसांतल्या जोडीदाराचीही तपासणी नि उपचार, नाहीतर हे परत फिरून येणार. इथे बरेच जण दोन दिवसांत बरं वाटलं की गोळ्या बंद करतात आणि बायकोला सांगायचं टाळतात, मग तीन महिन्यांनी पुन्हा तेच.

तीन दिवसांत काहीच फरक नाही पडला तर परत दाखवायचं, निदान चुकलं असेल, पू झाला असेल, किंवा जंतू औषधाला दाद देत नसेल. दुखणं आधी जातं, सूज नि मागचा कडकपणा मात्र काही आठवडे रेंगाळू शकतो, त्याने घाबरायचं नाही. पण औषध पूर्ण होऊन सूज उतरल्यावरही खुद्द गोटीत टणक, न दुखणारी गाठ लागत असेल तर तिला जुनं इन्फेक्शन म्हणून सोडून देऊ नका, गोटीचा कॅन्सर नेमका याच तरुण वयात होतो आणि सुरुवातीला त्यालाही इन्फेक्शनच म्हटलं जातं, तेव्हा सोनोग्राफी परत करून घ्या आणि डॉक्टर म्हणाले तर एएफपी, बीटा-एचसीजी, एलडीएच या कॅन्सरचा माग काढणाऱ्या रक्ताच्या तपासण्याही.